अकरा आणे सात पै

"दोनशे छप्पन भागिले आठ. बत्तीस! एका वेळी बत्तीस माणसं बोलतील, दादा."

असं म्हणून त्यानं मोबाइलमधला कॅल्क्युलेटर दादांच्या तोंडासमोर धरला. तो म्हणजे लीज लाइन विकायला आलेला टायवाला मुलगा आणि दादा म्हणजे आमच्या पतसंस्थेचे चेअरमन. साल २००७. सातारा जिल्ह्यात दहा शाखा, आणि हेड ऑफिसच्या संगणक विभागात मी. म्हणजे संगणक विभाग मीच. शाखांचे हेड ऑफिसला दिवसभर फोन चालायचे, महिनाअखेर बिल यायचं, आणि संचालक मंडळाच्या सभेत चहाबरोबर ते मलाच पाजलं जायचं. तेव्हा संगणकासाठी घ्यायच्याच असलेल्या लाइनींवरून फोनही न्यावेत, असं ठरलं. हेड ऑफिसला २५६ किलोबिटची लाइन, शाखांना प्रत्येकी ६४ ची. एक कॉल ८ किलोबिट खातो. म्हणून बत्तीस.

दादांना भागाकार पटला. लाभांशाचा सोडला तर दादांना कुठलाही भागाकार पटतो.

मला मात्र रात्री झोप येईना. आठ हा आकडा खोटा नव्हता, आणि घोळ तिथंच होता. साधा फोनचा आवाज आकड्यांत घालायचा तर सेकंदाला ८००० वेळा त्याचं माप घेतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. झाले ६४ किलोबिट. या पद्धतीचं सरकारी नाव जी. ७११, प्रमाण ठरलं १९७२ साली. ही पद्धत फार सरळमार्गी. समोरचा बोलतोय, खोकतोय की नुसता बसलाय, याच्याशी तिला देणंघेणं नाही. सेकंदाला चौसष्ट हजार बिट म्हणजे चौसष्ट हजार.

पुढं १९९६ साली जी. ७२९ आलं. त्यानं तेच काम ८ किलोबिटांत करून दाखवलं, तेही असं की ऐकणाऱ्याला फारसा फरक कळू नये. ही बचत होते कशी, हे समजलं तेव्हा मी जरा घाबरलोच. कारण हा गडी तुमचा आवाज पाठवतच नाही. तो दर १० मिलिसेकंदांनी तुमच्या घशाची आणि तोंडाच्या पोकळीची मापं घेतो, स्वर किती चढा ते टिपतो आणि श्वासाचा नमुना कशाशी जुळतो ते आपल्या पुस्तकात शोधून त्याचा फक्त क्रमांक कळवतो. पलीकडं त्याचा जोडीदार तसंच पुस्तक उघडून बसलेला असतो. तो त्या मापांवरून नवा आवाज शिवतो. म्हणजे म्हसवडच्या मॅनेजरांनी हेड ऑफिसला फोन केला, तर हेड ऑफिसात मॅनेजरांचा आवाज येत नाही. त्यांच्या मापाचा शिवलेला आवाज येतो. ब्लाऊज टेलरकडं बाई स्वतः जात नाही, मापाचा कागद धाडते, तसंच.

याची एक गंमत अशी की, या शिंप्याला माणसाचा घसा सोडून दुसरं काही शिवता येत नाही. दादांची इच्छा होती की, फोन होल्डवर गेला की सनई लागावी. लावली. जी. ७२९ नं सनईलाही माणूसच समजून तिचा घसा मोजला, आणि पलीकडं कुणीतरी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत असल्यासारखं ऐकू येऊ लागलं. वडूजच्या शाखेतून विचारणा आली, "साहेबांची तब्येत बरी नाही का?" सनई बंद केली.

तर ८ किलोबिट. पण हा आवाज नळातल्या पाण्यासारखा सलग वाहत नाही. तो २०-२० मिलिसेकंदांच्या चिमट्यांनी पाकिटात भरून पाठवतात. इंग्रजीत पॅकेट म्हणतात, पण आपल्याकडं पाकीट हा शब्द पत्रासाठी आधीपासून होताच आणि इथं तोच जास्त चपखल बसतो. एका पाकिटात माल किती? २० बाईट. आणि पाकिटावर? कुठून आलं नि कुठं जायचं, हे सांगणारं आयपीचं लेबल २० बाईट. कुठल्या दारानं आत घ्यायचं ते सांगणारं यूडीपीचं ८. कितवं पाकीट, कुठल्या क्षणाचं, हे सांगणारं आरटीपीचं १२. एकूण ४०.

वीस बाईटचं बोलणं आणि चाळीस बाईटचं वेष्टन. आकडेमोड करता करता मला आजीची म्हण आठवली, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आजीनं कधी राउटर पाहिला नाही, तरी तिला सगळं ठाऊक होतं. फक्त प्रमाण जुळेना. म्हणीत एकास तीन, इथं एकास दोन. मसाला आठ आण्यांतच आटोपत होता. मग ध्यानात आलं की टेबलावरच्या फोनमधून निघालेलं पाकीट आधी ऑफिसच्याच वायरीतून जातं आणि तिथं इथरनेटचं आणखी १८ बाईटचं वेष्टन चढतं. चाळीस आणि अठरा, अठ्ठावन्न. वीसाला अठ्ठावन्न म्हणजे चार आण्याला किती? मी कागदावर त्रैराशिक मांडलं. अकरा आणे सात पै.

म्हण जवळजवळ तंतोतंत निघाली. रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि हे सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

ऑफिसातून बाहेर लीज लाइनीवर पोचलं की इथरनेटचं वेष्टन उतरतं आणि ६ बाईटचं दुसरं, हलकं चढतं. एकूण ६६ बाईट. सेकंदाला अशी ५० पाकिटं, बाईटाला ८ बिट. कॉल ८ किलोबिटचा नव्हता, २६.४ चा होता. "नमस्कार" म्हणायला माणसाला पाऊण सेकंदाच्या आतबाहेर लागतं. सातशे मिलिसेकंद धरले तर एका नमस्काराची ३५ पाकिटं. त्यात नमस्कार ७०० बाईट, आणि नुसती लेबलंच १४०० बाईट. एवढं ओझं नमस्कारावर घालण्यापेक्षा वाकून पाया पडलेलं स्वस्त.

२५६ भागिले २६.४. नऊ. बत्तीस नव्हे, नऊ. शाखेच्या ६४ च्या लाइनीवर आठ कॉल बसतील असं कोटेशनमध्ये लिहिलं होतं, तिथं दोन. आणि कुणी हौसेनं जुनी ६४ किलोबिटची सरळमार्गी पद्धत लावलीच, तर ६४ किलोबिटच्या लाइनीवर ६४ किलोबिटचा एकही कॉल बसत नाही, कारण लेबलांसकट तो ८० च्या वर जातो. दाराच्या मापाचं कपाट आणलं आणि ते दारातून आत जाईना, कारण त्याच्यावर खोका होता.

सकाळी दादांकडं गेलो. दादा दूध संघावरही आहेत, त्यामुळं वाहतुकीचा हिशेब त्यांना शिकवावा लागत नाही.

"म्हंजी टँकर मोठा आणि दूध थोडंच?"

"होय, दादा."

"आरं, मग टँकर भरून सोड की. अर्धा रिकामा कशाला पळवतोस?"

संचार-अभियंत्यांनाही पहिल्यांदा हाच प्रश्न पडला होता. एका पाकिटात २० ऐवजी ४० मिलिसेकंदांचं बोलणं भरलं, तर पाकिटं निम्मी होतात, लेबलंही निम्मी, आणि कॉल १७.२ किलोबिटांत बसतो. नवाचे चौदा कॉल. पण टँकर भरायचा म्हणजे तो भरेपर्यंत डेअरीत उभा ठेवायचा. बोलणं तोंडातून निघून पलीकडच्या कानात पडेपर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत गेलं, तर संभाषण नीट चालतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी. ११४ ही शिफारस सांगते. त्याच्या फार वर गेलं की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग दोघं एकदम "बोला, बोला" म्हणतात. सभ्य माणसं असतील तर हे पाच मिनिटं चालतं. आणि टँकर उलटला तर नुकसानही दुप्पट. हरवलेलं पाकीट यूडीपी परत मागवत नाही. मागवून उपयोगही नाही, लग्न लागल्यावर पोचलेल्या अक्षता कुणाच्या डोक्यावर टाकणार? शिंपी मागच्याच मापावर जरा वेळ ओढून नेतो आणि बहुतेक वेळा कुणाला कळतही नाही. पण सलग आठ-दहा पाकिटं गळाली, तर "कर्ज मंजूर नाही" यातलं शेवटचं निघून जातं. पतसंस्थेत हे परवडत नाही.

मग लेबलं बारीक करण्याचाही उपाय आहे. एकाच कॉलच्या प्रत्येक पाकिटावर तोच पत्ता, तीच दारं, फक्त क्रमांक एकानं वाढलेला. तर "वरीलप्रमाणे" लिहून ४० बाईट २ ते ४ वर आणता येतात. हे प्रमाण १९९९ सालीच ठरलेलं आहे. मग कॉल ११.२ किलोबिटांपर्यंत उतरतो आणि नवाच्या जागी बावीस बसतात. हिशेब ऐकून दादा खुर्चीत पुढं सरकले. पण "वरीलप्रमाणे" हे लाइनीच्या दोन्ही टोकांना समजावं लागतं. आमचं टोक आमच्याकडं होतं, दुसरं लाइन देणाऱ्या कंपनीकडं. रीतसर अर्ज केला. त्याचं उत्तर यायचं आहे.

टायवाल्या मुलाकडं अजून एक हुकमाचा पत्ता होता, गप्पपणा. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, पण ऐकणाऱ्याकडूनही सेकंदाला ५० पाकिटं निघतच असतात, आत नुसता गप्पपणा भरून. तो पाठवायचाच नाही. ढोबळ हिशेबात यानं ३५ टक्के वाचतात असं धरतात. पुस्तकातही खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की, कॉल थोडे असतील तर या बचतीवर लाइन विकत घेऊ नका. ते बारीक अक्षर मी शाखेत जाऊन ऐकलं. वर पंखा. शेजारी पासबुक छापायचा प्रिंटर. बाहेर एसटीचा हॉर्न. काउंटरवर दोन खातेदारांचा बांधाचा वाद. आणि या सगळ्यात आमचे मॅनेजर पलीकडच्याचं बोलणं ऐकताना दर दोन सेकंदांनी "हं... हं... बरं... हं" म्हणत होते. न म्हणावं तर पलीकडचा लगेच "हॅलो? हॅलो?" करतो. गप्पपणा टिपायला बसवलेलं यंत्र आमच्याकडं दिवसभर बेकार राहिलं असतं. ज्यांनी हे केलं त्यांना शांततेची भीती ठाऊक होतीच म्हणा. म्हणून गप्पपणा कापला की ते पलीकडं खोटी खरखर भरतात, माणूस मेला असं वाटू नये म्हणून.

आता नऊ कॉल मावतात, हे कळलं. पण लागतात किती? इथं मला एक डॅनिश गृहस्थ भेटले, पुस्तकात. आग्नर क्रारुप एरलांग. जन्म १८७८. १९०८ पासून कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला. सुरुवातीला हाताखाली माणसं नव्हती, तेव्हा भूमिगत तारांमधली मोजमापं घ्यायला ते स्वतःच रस्त्यानं निघायचे. मागं शिडी खांद्यावर घेतलेला एक कामगार. मॅनहोल आलं की शिडी लावायची आणि गणितज्ञ आत उतरायचे. आमच्याकडं गणितात हुशार मुलगा मॅनहोलमध्ये उतरला, तर घरचे स्थळं बघायचं थांबवतील. १९०९ साली त्यांनी टेलिफोनवरच्या संभाषणांचं संभाव्यताशास्त्र लिहिलं. किती कॉल येतात, किती वेळ चालतात आणि किती लाइनी असल्या म्हणजे शंभरातले किती कॉल परत फिरतील, याचं सूत्र त्यांनी १९१७ साली दिलं. ते १९२९ साली वारले, आणि १९४६ साली फोनच्या गर्दीच्या एककाला त्यांचंच नाव दिलं गेलं. एक लाइन तासभर सलग अडकली, तर एक एरलांग.

मी शिपाईमामांना वही दिली. प्रत्येक कॉलला एक रेघ, शेजारी मिनिटं. मामा चोख माणूस. आठवड्यानं वही पाहिली तर सगळ्यात गर्दीचा तास संध्याकाळी पाच ते सहा, ६० कॉल, सरासरी ४ मिनिटं. दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे ४ एरलांग. एरलांगच्या सूत्राचा तक्ता सांगत होता की, ९ लाइनी असतील तर शंभरातला जेमतेम एक-दीड कॉल परत फिरेल. मला गहिवरून आलं. पण त्याच लाइनीवरून शाखांचे हिशेबही यायचे होते. म्हणून पाऊण लाइन आवाजाला आणि पाव बाकीच्याला असा रिवाज आहे. पाऊण लाइनीत सात कॉल. सातावर तक्ता पाहिला, शंभरात सहा.

मग बोलणंच कमी करता येईल का? मामांच्या वहीत मी स्वतः बसून ऐकलेला एक कॉल टिपून ठेवला होता. चार मिनिटं दहा सेकंद. त्यात कामाचं वाक्य एक, "तीनशे रुपयांचा फरक येतोय." बाकी पाऊस, गुडघा, कुणाची सोयरीक कुठं मोडली, आणि शेवटचं पाऊण मिनिट "ठेवू?", "ठेवा", "बरं, ठेवतो", "हां, हां", "ते एक राहिलंच..." ही आपल्याकडची लेबलं. मी परिपत्रक काढलं, फोनवर कामापुरतंच बोलावं. दुसऱ्या दिवशी कॉलची सरासरी दोन मिनिटांवर आली आणि कॉल १२० झाले. परिपत्रक का निघालं, हे विचारायला सगळ्यांनी फोन केले होते. एकशेवीस गुणिले दोन. चार एरलांग.

आणि तरी माझी खरी फजिती व्हायची होती. एरलांगसाहेबांच्या सूत्राखाली एक अट आहे. कोण कधी फोन करेल याचा एकमेकांशी संबंध नसावा. कोपनहेगनचे लोक आपापल्या मर्जीनं फोन करत असतील. आमच्या दहा शाखा संध्याकाळी साडेपाचला एकाच वेळी रोकड मोजतात. रोकड जुळत नाही. एकाच मिनिटाला दहाही मॅनेजर फोन उचलतात. ताशी सरासरी कितीही असो, त्या मिनिटाला एरलांगसाहेब शिडी लावून मॅनहोलमध्ये गेलेले असतात.

शिवाय साडेपाचलाच प्रत्येक शाखेतून दिवसभराच्या हिशेबाची फाइल सुटायची. फाइलीचं एक पाकीट १५०० बाईटचं. ६४ किलोबिटच्या लाइनीवरून ते पूर्ण बाहेर पडायला १८७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात मागं आवाजाची नऊ पाकिटं तुंबतात. गळीत हंगामात कोरेगावच्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉलीमागं मोटरसायकल घेऊन अडकलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मोटरसायकल छोटी आहे, घाईत आहे, तिला रस्ताही थोडाच लागतो, पण पुढची ट्रॉली हलल्याशिवाय काही नाही. यावर दोन गोष्टी करतात. ट्रॉलीचे ८०-८० बाईटचे तुकडे पाडायचे, म्हणजे एक तुकडा १० मिलिसेकंदांत निघून जातो, आणि मोटरसायकलला रांगेत पुढं घ्यायचं. राउटरमध्ये हे मी करू शकलो. कोरेगावच्या रस्त्यावर अजून कुणी करू शकलेलं नाही.

राहिला सातवरच्या आठव्याचा प्रश्न. दादांचं म्हणणं होतं, घ्या की आत, सरकून बसतील. आमच्याकडं वडापच्या जीपमध्ये नऊ जणांच्या जागी सोळा बसतात आणि सोळाही पोचतात, घामेजलेले, पण पोचतात. आवाजाचं तसं नाही. जास्तीचा कॉल आत घेतला की पाकिटं कुणा एकाची गळत नाहीत, सगळ्यांची थोडी थोडी गळतात. आधीचे सात जे नीट बोलत होते, तेही तुटक बोलू लागतात. म्हणून आठव्याला दारातच "लाइन व्यस्त आहे" सांगावं लागतं. हे दादांना सहा महिने पटलं नाही. मग एका संध्याकाळी व्यस्त लाइन त्यांना स्वतःला लागली. ते रागानं हेड ऑफिसला आले आणि त्यांनी कुणाची लाइन चालू आहे ते पाहिलं. त्यांच्याच घरचा तांदूळ कुठल्या गिरणीतून आणायचा, यावर वाई शाखेशी चर्चा चालू होती. ती तोडा, असं ते म्हणू शकले नाहीत, कारण चर्चा वहिनीसाहेब करत होत्या.

नऊच कॉल मावतात हे ऐकून टायवाला मुलगा काही दिवस फोन उचलत नव्हता. मग म्हणाला, "सर, आमच्या कंपनीत सगळे असाच भागाकार करतात."

आता त्या लाइनींच्या जागी फायबर आलंय, किलोबिट मोजायला कुणाला वेळ नाही. मामांची वही मात्र मी ठेवली आहे, आणि आयपीची नवी आवृत्ती, सहावी, आली तेव्हा सवयीनं तिच्याच मागच्या पानावर हिशेब केला. पत्ता आता ४ बाईटांऐवजी १६ बाईटांचा, त्यामुळं आयपीचं लेबल २० वरून ४० वर गेलं. यूडीपीचं तेच ८, आरटीपीचं तेच १२. एकूण ६०. आत जी. ७२९ चे अजूनही २० च. इथरनेट धरलंच नाही, तरी चार आण्याला बरोबर बारा आणे. एका पैचाही फरक नाही.